अवसेचं पाणी

"ते पंचांग मी घेतलंय," किशोरी म्हणाली.

"तुम्ही नुसतं बघितलंत. हात माझा आधी लागला," तो म्हणाला.

आणि लागलाही होता. जुन्या पनवेलच्या बाजारातल्या त्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात, धूळ बसलेल्या फळीवर, पंचांगाची एकच प्रत उरली होती. २००९चा डिसेंबर उतरणीला लागलेला. पाडव्याला नवं पंचांग येणार, आता जुनं कोण नेणार, म्हणून दुकानदाराने जास्त मागवलीच नव्हती. आणि नेमकी त्याच संध्याकाळी दोन गिऱ्हाइकं एका प्रतीची दोन टोकं धरून उभी! दुकानदार मजेत बघत होता. त्याचं काय जातंय?

किशोरीच्या वडिलांचं, काळूरामचं, पंचांग आदल्या दिवशी होडीतून खाडीत पडलं होतं. बिचारे ते एकेक पान सोडवून चुलीच्या धगीला वाळवत बसले होते. ते तिला बघवलं नव्हतं.

"तुम्हाला कशाला हवंय?" तिने विचारलं. माणूस तिशीच्या आतला, चष्मेवाला, खांद्याला लॅपटॉपची बॅग. भटजी तर खासच नव्हता.

"फाडायला," तो हसून म्हणाला.

"काय?"

"पंधरा जानेवारीला सूर्यग्रहण आहे ना. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. मुलांना ग्रहण दाखवणार आणि त्यांच्यासमोर हे फाडणार."

आता किशोरीबद्दल एक सांगायला हवं. एरवी ती अगदी शहरी मराठी बोलायची. बी.एस्सी. झाली होती, तेही फिजिक्स घेऊन. उरणकडच्या बंदरावर एका शिपिंग कंपनीत जहाजांच्या वेळा सांभाळायची. पण राग आला की तिची कोळीवाड्यातली भाषा उसळून वर यायची. आणि राग तिला यायचा. चांगला यायचा.

"फाडनार? त्यात माझ्या बापाची भरती हाय! तुमी फाडाल, नि मग त्यानं होडी कवा काढायची? तुमच्या कॉलेजला विचारून?"

तो गडबडला. "पंचांगात भरती? कुठे असते?"

"तिथी असते ना? तिथीची पाऊणपट करायची. आज चौथ. चाराची पाऊणपट तीन. तीनला पुरी भरती. खोटं वाटत असेल तर उद्या पंचमीला पावणेचारला जाऊन बघा खाडीवर."

तो ओठातल्या ओठात काहीतरी हिशेब करत राहिला. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा... मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की किशोरीचा राग क्षणभर वाटच चुकला.

"एवढं सोपं?"

"सोपं नाय. माझ्या बापाच्या आज्याच्या आज्यानं बघून बघून काढलंय."

त्याने आपलं टोक सोडलं. "नाही फाडणार. पण... ग्रहणाच्या वेळा उतरून घेऊ द्याल?"

"उद्या सहाला, वडाळे तलावावर," ती म्हणाली. "वही घेऊन या. आणि हात धुवून या."

तो आला. हात पुढे करून दाखवले... धुतलेले! नाव सत्यजीत, गाव पुणं, नवीन पनवेलला भाड्याची खोली. बाकावर मध्ये पंचांग ठेवून दोघं बसले. त्याने इंटरनेटवरून काढलेला कागद उघडला, तिने पान उघडलं. स्पर्श, मध्य, मोक्ष. तिन्ही वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या. सत्यजीतचं तोंड एवढंसं झालं.

"काय सर? फाडायचं ना?"

"थांबा." त्याने पान उलटलं, आणि आता चिडायची पाळी त्याची होती. "हे बघा. अमक्या राशींना अशुभ, त्यांनी बघू नये. गर्भवतींनी हलू नये. एवढं नेमकं गणित करणारी माणसं पुढच्याच पानावर हे लिहितात? लाज नाही वाटत?"

किशोरी खोटं बोलणारी नव्हती. "ते मलाही नाही पटत."

"मग?"

"मग काय? एक पान गणिताचं, एक भीतीचं. बाबा पहिलं वाचतात, आई दुसरं वाचते. आणि बत्तीस वर्षं दोघं एका घरात नांदतायत."

तो खो खो हसला. मग तलावाच्या पाण्याकडे बघत हळूहळू बोलू लागला. सूर्य चंद्रापेक्षा चारशेपट मोठा. आणि चारशेपटच लांब. म्हणून तर आकाशात दोघं एकाच मापाचे दिसतात आणि एक दुसऱ्याला झाकू शकतो. "असं जुळून यायला काहीही कारण नाही, किशोरी. कुणी मापं घेतलेली नाहीत. चंद्र दरवर्षी थोडा थोडा लांब चाललाय. आणखी काही कोटी वर्षांनी पूर्ण ग्रहण दिसणारच नाही कुणाला. आपण नेमके मध्ये जन्मलोय, आता, इथे..."

किशोरीच्या अंगावर काटा आला. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. काटा पहिल्यांदाच आला होता.

"माझी आई याला देव म्हणेल," ती म्हणाली.

"मी नाही म्हणणार."

"मग काय म्हणाल?"

तो चष्मा काढून पुसू लागला. तलावावर दिवे लागले. "माझ्याकडे शब्द नाहीये," तो शेवटी म्हणाला.

झालं. तिथेच ती फसली. ज्याला सगळंच ठाऊक असतं अशा पुरुषांचा तिला वीट आला होता, ऑफिसात तर त्यांची रांग होती. आणि हा फिजिक्सचा मास्तर, शब्द नाहीये म्हणत, चष्मा पुसत बसला होता!

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते वडाळे तलावाला विचारा. 'तुम्ही'चं 'तू' झालं. त्याने तिच्यासाठी वेल्डिंगच्या काळ्या काचेचा, पुठ्ठ्याच्या चौकटीचा चष्मा बनवला आणि तिच्या नाकावर बसवताना दोनदा हात मागे घेतला. ती त्याला मांदेलीतले काटे काढायला शिकवत होती. तो शिकत नव्हता, मुद्दामच. ग्रहणाच्या दिवशी तिने रजा टाकली होती. "ग्रहण सुटलं की तुझ्या घरी येतो," तो म्हणाला होता. "बाबांशी बोलायला."

मग आली संक्रांत. ग्रहणाचा आदला दिवस.

तलावावरच, तिळगुळाची पुडी तिच्या हातात देत तो उत्साहाने म्हणाला, "जागा ठरली! जुन्या मिठागराचा बांध. वर झाड नाही, बिल्डिंग नाही, सगळं आकाश मोकळं. बावीस मुलं येतायत. घरच्यांशी भांडून सह्या आणल्यात बिचाऱ्यांनी."

किशोरीचा चेहरा उतरला. "तिथे नको, सत्यजीत. आई म्हणते, गिराणात खाडीवर थांबू नये. तिथं पाणी..."

"किशोरी!" तो हसला. चिडून नाही, लाडाने हसला, आणि तेच तिला झोंबलं. "तूसुद्धा? फिजिक्सची पदवीधर?"

"माझं पुरतं ऐकशील? उद्या अवस आहे. बाराच्या सुमाराला..."

"पाणी येईल. आणि राहू पण येईल." त्याने कान पकडण्याचा अभिनय केला. "अगं, मी गेल्या शनिवारी स्वतः जाऊन आलो. भर दुपारी बारा वाजता. बांधापर्यंत चालत गेलो, बूट ओला झाला नाही. प्रत्यक्ष बघितलंय मी!"

"गेल्या शनिवारी नवमी होती!" किशोरी उभीच राहिली. बाकाजवळची दोन कबुतरं उडाली. "नवमीला भांग असतो. पाणी मेलेलं असतं, नि दुपारी ओहोटी. एकदा बघितला म्हंजे प्रयोग जाला का, सर? हेच शिकवता पोरांना?"

"हे बघ, आईंचा मान ठेवूनही..."

"आयचा मान तुमी ठेवूच नका! तुमी तिचं नाव ऐकलं नि कान मिटले. भटजी पोथीतलं सोडून ऐकत नाय, तुमी बुटातलं सोडून ऐकत नाय. फरक काय?" तिने ओढणी झटक्यात खांद्यावर फेकली. "बाबांना काय विचारनार होतात उद्या? माझं पान्याबद्दलचं एक वाक्य तुम्हाला खरं वाटत नाय. मग जन्मभर माझं काय खरं वाटनार हाय?"

"गोड बोल ना आज तरी..."

"पाण्याला सांगा उद्या, गोड बोल म्हणून."

आणि ती चालू लागली. घरी पोचल्यावर लक्षात आलं, तिळगुळाची पुडी मुठीत तशीच होती. फेकायची होती. फेकली नाही.

पंधरा जानेवारी. सकाळपासून किशोरीने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. आई खूश झाली. गुणाबाईला वाटलं, पोरीला ग्रहणाचे वेध पाळायची बुद्धी झाली. बुद्धी कसली? संतापाने घशाखाली काही उतरत नव्हतं.

गुणाबाईने पाण्याच्या हंड्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीतसुद्धा तुळशीचं पान टाकलं होतं आणि माळ घेऊन देवापुढे बसली होती. कोळीवाड्यात सगळ्या होड्या दोरीला. ग्रहणात कुणी होडी सोडत नाही. सोडलीच तर समुद्र त्या घरावर वर्षभर रुसतो म्हणतात. पुरुष ओट्यावर गुडघे मिठीत घेऊन बसून होते.

साडेअकराला किशोरी मागच्या दारी गेली. सूर्याचा एक कोपरा कुरतडल्यासारखा दिसत असणार, पण तिने वर पाहिलंच नाही. पाणी पाहिलं. खाडी तिवरांच्या मुळांवर चढली होती आणि अजून चढतच होती. मिठागराकडे जाणारी वाट बांधाच्या अलीकडे खोलगट आहे. आधी ती बुडते. मग बांधाचं बेट होतं. आणि तो बांध चार पावसाळे डागडुजीविना खचलेला.

तिने मोबाइल लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. मग ती पुढच्या ओट्याकडे धावली.

"बाबा, होडी सोडा."

काळूरामने मान वर केली. तिने भराभरा सांगितलं: मिठागर, बावीस पोरं, मास्तर.

"या मास्तराला कुनी सांगितला नाय?" काळूराम म्हणाला.

"सांगितलं. ऐकलं नाय."

ओट्यावर कुजबुज झाली. गिराण लागलंय, सुटल्यावर बघू, पोलिसांना फोन लावा... काळूराम उठला, पण त्याचे डोळे घरात, देवापुढे बसलेल्या बायकोकडे गेले. किशोरीला भडभडून आलं. त्याचा राग, यांचा राग, पंचांगाच्या त्या दुसऱ्या पानाचा राग, सगळ्यांचा एकदम राग.

"बसा! पान बघत बसा सगळे!" ती ओरडली. "तो तिकडं त्याचा शनिवार धरून बसलाय, तुमी इकडं तुमचा गिराण धरून बसा! मी एकटी जाते!"

गुणाबाईने माळ खाली ठेवली. बत्तीस वर्षांत ग्रहण लागलेलं असताना ती पहिल्यांदाच देवापुढून उठली.

"आवाज कोनाला करतेस?" ती म्हणाली. "पोरा हायत ना तिथं? लोकांची पोरा?" मग नवऱ्याकडे वळली. "गिरानात दान करायचा असतो. तांदूळ देऊन सुटका व्हते नि पोरा आनून नाय व्हनार? जावा. मी सांगते देवाला."

काळूरामने दोरी सोडली.

वल्ही मारताना किशोरीला कळलं, उजेड बदललाय. ऊन होतं पण ऊब नव्हती. भर दुपारी कुणीतरी दिव्याची वात खाली केल्यासारखं. पाखरं तिवरात परतत होती. खाडी शिशाच्या रंगाची झालेली, आणि इतकी गप्प, की वल्ह्याचा आवाज परका वाटत होता.

बांध दिसला. हातभर रुंद उरला होता. त्यावर एकमेकांना धरून बावीस मुलं ओळीने उभी. काही रडत होती. आणि बांधाच्या खचलेल्या तोंडाशी, मांडीभर पाण्यात, दोन्ही हात पसरून सत्यजीत उभा. दुर्बिणीचे तीन पाय शेजारीच बुडत होते. तिच्याकडे तो बघतही नव्हता, मुलं मोजत होता. एक, दोन, तीन... बावीस. पुन्हा एक.

एका खेपेला आठ मुलं. काळूराम प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून होडीत बसवत गेला. तिसऱ्या खेपेला सहा मुलं, आणि शेवटी मास्तर. तो बसताना होडी कलली. किशोरीने हात दिला नाही. मग दिला.

परतीची वाट तिवरांच्या खालून होती. वारा पडला होता. आणि तिथे, पानांच्या फटींतून गाळून येणाऱ्या उन्हात, त्याच्या चिखलाने माखलेल्या पांढऱ्या शर्टावर तिला ते दिसलं. उन्हाचे कवडसे गोल नव्हते. प्रत्येक कवडसा म्हणजे एकेक चंद्रकोर. शेकडो कोरी. त्याच्या छातीवर, बाह्यांवर, मुलांच्या केसांत, वल्ह्यावर, तिच्या स्वतःच्या मनगटावर. प्रत्येक फट आपापला सूर्य पाडत होती.

मुलं रडायची थांबली. काळूरामने वल्हं आडवं धरलं.

"दुर्बीण बुडाली रे मास्तर," तो हळूच म्हणाला. "पन दिसला."

सत्यजीत तिच्या मनगटावरच्या कोरीकडे बघत होता. "किशोरी," तो म्हणाला. "सूर्य नि चंद्र एका रेषेत आले की ग्रहण... आणि एका रेषेत आले की उधाण. एकच गोष्ट. दरवर्षी शिकवतो मी हे. तू 'ग्रहण' म्हणालीस आणि मी पुढचं ऐकलंच नाही. आईंनी म्हटलंय म्हटल्यावर ते खोटंच असणार, असं धरून चाललो. या मुलांना काही झालं असतं तर..."

"तर मी तुम्हाला जन्मात सोडलं नसतं," किशोरी म्हणाली. आणि आता मात्र तिचे डोळे घळघळ वाहायला लागले. "फोन का नाय उचललास? मेल्या, फोन का नाय उचललास!"

"बॅगेत होता. मुलांच्या गोंगाटात ऐकूच आला नाही. मग बॅगच बुडाली."

धक्क्यावर गुणाबाई उभी होती. वर सूर्य पुन्हा भरत चालला होता. तीन वाजून गेले, मोक्ष झाला, घरोघरी न्हाणीत पाणी ओतल्याचे आवाज सुरू झाले. मुलांना त्यांच्या घरचे घेऊन गेले. सत्यजीत एकेका बापापुढे मान खाली घालून उभा राहिला, एकाने थोबाडीत द्यायला हात उगारला तेव्हाही हलला नाही. किशोरीने ते सगळं पाहिलं.

मग गुणाबाईने त्याच्यापुढे बादली ठेवली. "आंगोळ कर. गिराण सुटला."

"आई, मी ग्रहण पाळत नाही," तो नम्रपणे म्हणाला.

गुणाबाईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "आनि चिखल? तो पाळतोस?"

ओट्यावर एकच हशा पिकला. सत्यजीत बादली घेऊन गेला, आणि काळूरामच्या लुंगी-बनियनमध्ये थंडीने कुडकुडत परत आला. गुणाबाई दारात आलेल्यांना तांदूळ वाढत होती. काळूराम नवीन पंचांग घेऊन ओट्यावर बसला होता.

"बाबा," सत्यजीत त्याच्यासमोर बसला. "आज मी तुमच्याशी बोलायला येणार होतो. आता तोंड नाहीये. तरी विचारतो. किशोरीला..."

"मला काय विचारतोस?" काळूरामने पान उलटलं. "तिला विचार. पानी तिनं बघितला."

किशोरी दाराला टेकून उभी होती. सकाळपासून उपाशी. ओढणीच्या टोकाला बांधलेली कालची पुडी तिने सोडली, तिळगुळाचा एक दाणा तोंडात टाकला.

"गोड बोलेन असं समजू नकोस," ती म्हणाली.

"नाही समजत."

"आणि हो पण म्हणत नाही. एकदा ऐकलंस म्हणजे ऐकायला शिकलास असं नाही. एकदा बघून प्रयोग होत नाही."

"मग?"

"पुढच्या अवसेला ये. भरतीच्या वेळेला, या धक्क्यावर. वेळ तू काढायचीस, पंचांगावरून."

त्याने ओले केस मागे सारले. त्याच्या चेहऱ्यावर तेच उजाडलं होतं, दुकानात पहिल्यांदा उजाडलं होतं ते. "आणि मधल्या पौर्णिमेला?"

किशोरीने उरलेली पुडी त्याच्या हातावर ठेवली. त्याची बोटं गार होती. तिने आपला हात लगेच काढून घेतला नाही.

"पौर्णिमेला पण," ती म्हणाली. "उधाण दोन्हींना येतं."